चाळणीवालीची पत्रं

एकदा एका चाळण्या बनवणाऱ्या बाईंवर मोठा कठीण प्रसंग आला. त्यांचं नाव त्रिशला मगदूम. सांगलीच्या बाहेर त्यांचा छोटा कारखाना होता. पोलादी तारेची जाळी लाकडी चौकटीत ताणून बसवायची आणि मसाल्याच्या, पिठाच्या गिरण्यांना द्यायची, हा व्यवसाय. सात बायका कामाला होत्या. आठ वर्षं एकाच मोठ्या गिरणीचं काम पुरून उरत असे, म्हणून दुसरं गिऱ्हाईक शोधायची गरजच पडली नव्हती. ती गिरणी अचानक बंद झाली.

हातात जेमतेम दोन महिन्यांचं काम उरलं. त्रिशलाबाईंनी व्यापारी संघाच्या यादीतून एकशे चाळीस गिरण्यांचे पत्ते काढले, एक नीटस मजकूर तयार केला आणि दोन दिवसांत सगळ्यांना ईमेल धाडले. आठवडा गेला, दुसरा गेला. उत्तर एकही नाही. सातांपैकी दोघी दुसरीकडे काम बघू लागल्या आहेत, हे त्यांच्या कानावर आलं, तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. त्यांनी उपाध्ये सरांना फोन केला, घडलं ते सांगितलं आणि भेटीची वेळ मागितली.

सरांनी त्यांना कॉलेजात व्यापारी पत्रव्यवहार शिकवला होता. निवृत्तीनंतर ते पुतण्याच्या मसाला कारखान्यात खरेदीचं काम पाहत. वयाची ऐंशी उलटली होती. त्यांच्या घरी गेलेला माणूस चहा घेतल्याशिवाय परत आला, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्रिशलाबाई तिथं पोचल्या. सरांनी दार उघडलं. पण ना 'ये' म्हटलं, ना 'बस'. उंबऱ्यातच उभे राहून त्यांनी सुरुवात केली :

"महोदया, माझा जन्म एकोणीसशे बेचाळीस साली झाला. अध्यापनाच्या क्षेत्रात मी चौतीस वर्षं कार्यरत होतो. सचोटी, शिस्त आणि वक्तशीरपणा ही माझी त्रिसूत्री आहे. माझ्या हस्ताक्षराची सर्वत्र प्रशंसा झालेली आहे..."

त्रिशलाबाई उन्हात उभ्या. घशाला कोरड पडलेली. सरांना वयोमानानं काही झालं तर नाही, या शंकेनं त्या घाबरल्या. सरांचं चाललंच होतं. शेवटी म्हणाले, "तरी आपण माझा लाभ घ्यावा, ही नम्र विनंती," आणि त्यांनी दार लावून घेतलं.

क्षणभरानं ते पुन्हा उघडलं. "आत ये, त्रिशला. बस आधी. रागावलीस?"

"रागावले नाही सर, पण मला काही कळलंच नाही. मी कशासाठी आले, ते तुम्ही विचारलंसुद्धा नाही."

"तुझं पत्र तुला म्हणून दाखवलं," सर शांतपणे म्हणाले. "यादीत आमचाही कारखाना होता. पत्र मला आलं आणि मी ते पहिल्या ओळीवरच पुसून टाकलं. 'आमची संस्था दोन हजार अकरा साली स्थापन झाली असून...' खाली तुझं नाव होतं, तिथवर मी पोचलोच नाही. काल तुझा फोन आला, म्हणून शोधून काढलं."

त्रिशलाबाईंना ते लागलं. ज्यांच्या हाताखाली आपण शिकलो, त्यांनीच आपलं पत्र टाकून द्यावं!

"दोष माझाही आहे," सर पुढे म्हणाले. "असल्याच नमुन्याला मी तुम्हा मुलांना दहापैकी नऊ गुण देत आलो. खरेदीच्या खुर्चीत बसलो, रोज अशी तीस पत्रं येऊ लागली, तेव्हा कुठे मला समजलं. पत्र उघडणारा माणूस त्याच्या विवंचनेत असतो, उन्हात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखा. त्याला काय हवंय, हे बघायच्या आत आपण आपली थोरवी सांगू लागतो. तू त्याच्या दारात जातेस, तर त्याच्याबद्दल बोल. थोडकं बोल. आणि शेवटी एवढंच विचार, की त्याला उभ्या उभ्या उत्तर देता येईल."

"पण मला त्यांची माहिती कुठे आहे, सर?"

"मग ती नसताना लिहिलंस कसं?"



पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी फक्त अकरा पत्रं लिहिली. प्रत्येकाआधी त्या गिरणीचा माल दुकानातून आणून बघितला, कुणाला फोन केला, कुठे प्रत्यक्ष जाऊन आल्या. कऱ्हाडजवळच्या एका गिरणीनं लहान मुलांसाठी नाचणीचं पीठ नव्यानं काढलं होतं. त्यांना लिहिलं : "सोमवारी तुमचं एक किलो पीठ विकत घेतलं आणि आमच्या बारीक जाळीतून चाळून पाहिलं. दोन चमचे कोंडा वर राहिला. बाळांच्या पिठात तो नको असेल, तर एक चाळणी वापरून बघायला पाठवते. तुमच्या चौकटीचं माप काय?" खाली नाव आणि फोन. बस्स.

दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : "बावीस इंच. दोन पाठवा." महिनाभरात त्या गिरणीनं चाळीस चाळण्या मागवल्या. आणखी दोघांची कामं आली. एकानं नकार कळवला. सात जणांनी काहीच कळवलं नाही. पण ज्या दोघी जायच्या विचारात होत्या, त्या थांबल्या.

त्रिशलाबाई पेढे घेऊन सरांकडे गेल्या. कामं कुणाची मिळाली, ते सरांनी विचारलं नाही. म्हणाले, "नकार कुणी दिला?"

"शिराळ्याचे घोरपडे, सर. त्यांचंही बरोबरच आहे. चाळण्या त्यांनी दिवाळीतच बदलल्या. गिरणी एकट्यानं सांभाळतात, गुडघे दुखतात, चाळणी काढायला-घालायला वाकावं लागतं. मी म्हटलं, चौकटीला मूठ बसवून देता येईल का, बघते. मे महिन्यात आठवण करा म्हणाले..."

बोलता बोलता त्या थांबल्या. ज्या माणसाला आपण एकही चाळणी विकली नाही, त्याच्या गुडघ्यांचीही आपल्याला काळजी वाटू लागली आहे, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. सरांनी पेढ्याचा पुडा सोडला आणि पहिला पेढा त्रिशलाबाईंच्याच हातावर ठेवला.

अनोळखी माणसाला लिहायला बसताना आधी त्याची ओळख करून घ्यावी. आपली ओळख मग तो स्वतःहून विचारतो.