येसूचा हिरवा रंग

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका नदीच्या अल्याड एक राज्य होतं, पल्याड दुसरं. अल्याडच्या गावात येसू नावाची रंगारीण राहायची. बारा वर्षं खटपट करून तिनं असा हिरवा रंग शोधला, की कापड कितीही धुवा, उन्हात वाळवा, तो उतरायचा नाही.

पल्याडच्या मल्लव्वा रंगारणीनं निरोप धाडला, "येसूताई, मलाही शिकवा की!" येसूला आनंदच झाला. तिनं कृती कागदावर लिहिली आणि पल्याड निघालेल्या एका सौदागराच्या हाती दिली.

सौदागरानं वाटेत कागद वाचला आणि स्वतःकडेच ठेवून घेतला. पल्याडच्या राजाला म्हणाला, "महाराज, हा रंग मी शोधलाय." राजाला रंग आवडला. त्यानं फर्मान काढलं, की सौदागराशिवाय हा रंग कुणीही करायचा नाही.

महिन्याभरानं येसूनं पल्याडच्या बाजारात धाडलेलं हिरवं कापड नाक्यावरून परत आलं. "हा रंग सौदागराचा, तुमचा चोरीचा आहे," शिपाई म्हणाले.

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती रडत बसली नाही. तडक होडीत बसली, मल्लव्वाला सोबत घेतलं आणि दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, मी परमुलखातली. पण या दादांना एकच गोष्ट विचारू द्या." ती सौदागराकडे वळली. "हा रंग तांब्याच्याच भांड्यात का करायचा?"

"का म्हणजे? कागदात तसंच लिहिलंय!"

"कुणाच्या कागदात?" राजानं विचारलं.

सौदागरानं जीभ चावली. दरबारात हशा पिकला.

येसू म्हणाली, "डाळिंबाची सालं लोखंडी कढईत उकळली की काळी पडतात. हे कळेपर्यंत माझी दोन वर्षं गेली, महाराज."

राजानं तिथंच दोन चुली मांडायला लावल्या. लोखंडी कढईतलं पाणी काळवंडलं, तांब्यातलं पिवळंधमक राहिलं. त्यात बुडवलेल्या फडक्यावर येसूनं निळीचा हात दिला आणि फडकं पोपटासारखं हिरवंगार झालं! मल्लव्वानं तर टाळ्याच पिटल्या.

राजानं फर्मान मागं घेतलं. सौदागराला बाजारोबाजारी हिंडून रंग कुणाचा ते सांगावं लागलं. मग दोन्ही राजांनी करार केला, की कुणाचीही विद्या नदी ओलांडेल ती कर्त्याच्या संमतीनं आणि त्याच्याच नावानं.

येसू आठ दिवस मल्लव्वाकडे राहिली, तिला सगळं हातानं करून दाखवलं. त्या वर्षी दोन्ही काठांवर हिरवी लुगडी वाळत होती आणि दोन्हीकडची माणसं त्या रंगाला 'येसूहिरवा' म्हणत होती.

तात्पर्य : विद्या जरूर वाटावी, पण धन्याला विचारून; सीमा ओलांडली म्हणून तिचा धनी बदलत नाही.