म्हाकूबाईच्या वीस बकऱ्या

गडावर अजून दिवे लागत होते, त्या काळातली ही गोष्ट. गडाखालच्या कातळमाळावर म्हाकूबाई नावाची धनगरीण मेंढरं राखायची. अक्षर तिला ठाऊक नव्हतं, पण कातळावर कोरलेल्या पटावर वाघबकरी खेळावी तर तिनेच, असं म्हणतात.

एका उन्हाळ्यात माळावरचे झरे आटले. पाणी उरलं ते गडाच्या टाक्यात, आणि तिथे किल्लेदाराने पहारा बसवला. तीन दिवसांची तहानलेली मेंढरं घेऊन म्हाकूबाई थेट त्याच्यापुढे उभी राहिली. किल्लेदाराला वाघबकरीचा भारी नाद, आणि हरायची सवय मुळीच नाही. त्याच्याशी खेळणारे सगळे त्याचेच चाकर होते म्हणा. तो म्हणाला, "जिंकलीस तर टाकं मोकळं. हरलीस तर माळ सोडायचा."

चार वाघ त्याने घेतले, तिला दिले बकऱ्यांचे वीस खडे. वाघाने बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या जागी उडी मारली की बकरी मेली. बकरीला उडी नाही, आणि विसाच्या वीस मांडून होईपर्यंत एकीलाही हलता येत नाही. वाघांना चहूकडून कोंडायचं, एवढाच तिचा मार्ग.

टाक्याजवळच्या पटावर दिवसभर डाव चालला. पाणी वीस पावलांवर, पण एकही मेंढरू तिकडे गेलं नाही. पटावर बकरी मेली की कळपातलं एक मेंढरू मटकन खाली बसे, असं म्हणतात. तीन बसली. मग एक बकरी म्हाकूबाईने कोपऱ्याजवळ मुद्दाम उघडी ठेवली. किल्लेदाराला राहवलं नाही. त्याचा वाघ उडी मारून कोपऱ्यात गेला आणि तिने मागची वाट बुजवली. उरलेले तीन कोंडायला सूर्य मावळेपर्यंत वेळ लागला.

शेवटचा वाघ अडकला तशी बसलेली मेंढरं उठली आणि सगळा कळप रांगेने टाक्याकडे निघाला, असं म्हणतात.

"आता तू वाघ घे," किल्लेदार म्हणाला. "पुन्हा खेळू."

"वाघ तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, सरकार. मी वाघ झाले, तर मेंढरं राखंल कोण?"

किल्लेदाराने त्याच संध्याकाळी पहारा उठवला.

गड पुढे ओस पडला. टाकं मात्र कुठल्याही गावच्या जनावराला मोकळं आहे. कातळमाळावर पाहुणा आला की त्याला आजही पटाशी बसवतात आणि वाघ त्यालाच देतात. गावातलं माणूस बकऱ्याच घेतं, आणि पहिला खडा म्हाकूबाईचं नाव घेऊन ठेवतं. पाहुणे बहुतेक हरतात. मग त्यांना टाक्याचं पाणी पाजतात.