मी विचारलं नव्हतं

‘…म्हणजे निरोप मधे कोणालाच वाचता येत नाही, हे खरं धरायचं की नाही, बाबाजी?’

बाबाजी ऐकत होते.

ज्योत्स्ना वानखडेनं फोन मांडीवर ठेवला, लगेच पुन्हा उचलला. सकाळपासून रोशनीचा एकही निरोप नव्हता.

ज्योत्स्ना अमरावतीच्या एका महिला संस्थेत काम करायची. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना लपायला जागा शोधून द्यायची आणि कोर्टाचा हुकूम हाती पडेपर्यंत फोनवरून त्यांची विचारपूस करत राहायची. बारा वर्षं हे चाललं होतं; रोशनी त्या बायकांतलीच एक. एकही पत्ता कधी बाहेर गेला नव्हता.

गेल्या महिन्यात गेला.

एका बाईच्या दाराशी तिचे दोन दीर येऊन उभे राहिले. शेजारी धावून आले म्हणून ती वाचली. पत्ता फुटला कसा, ते कोणालाच सांगता आलं नाही. ज्योत्स्नानं मनाशी ठरवलं, फोननंच घात केला.

मग ती त्यामागं हात धुऊन लागली. निरोपांची तीन ॲप घेतली. लोकांनी त्यांच्याखाली लिहिलेले शेकडो अभिप्राय वाचून काढले. संगणकवाल्या पोरांना गाठून खोदून खोदून विचारलं. आणि आता ते सगळं ती बाबाजींना बोटं मोजत सांगत होती. स्वरात थोडा अभिमानही होता.

पहिल्या ॲपमध्ये निरोप या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूपबंद जातो. पण त्याची जी प्रत आपोआप साठवली जाते, तिला वेगळं कुलूप लावावं लागतं, आणि ते बहुतेकांच्या गावीही नसतं. दुसऱ्यात साधं बोलणं कंपनीला उघडता येतं. ‘गुप्त’ म्हणून वेगळं सुरू केलं, तरच ते बंद. तिसरं नंबरही मागत नाही, कोण कोणाशी बोललं तेही ठेवत नाही. पण त्यात निरोप कधी कधी तासातासानं पोचतो, अशी लोकांची तक्रार. शिवाय घर सोडायच्या तयारीतल्या एका बाईनं ते आठवड्यात काढून टाकलं होतं. नवऱ्यानं फोन पाहिला आणि विचारलं, हे नवीन काय आणलंस?

‘तुमच्या पंथात ग्रंथांसाठी गुप्त लिपी होती. म्हणून वाटलं, तुम्हाला कळेल.’

बाबाजी ऐंशीच्या घरातले महानुभाव संन्यासी, ज्योत्स्नाचे गुरू. गावाबाहेरच्या लहानशा मठात राहायचे. पडवीच्या टोकाला गुलाबराव नावाचे एक उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेले गृहस्थ, तुरीची डाळ निवडत बसले होते.

‘तुला भीती कसली वाटते?’ बाबाजींनी विचारलं.

एवढंच विचारलं.

आणि ज्योत्स्नाचा बांध फुटला. रोशनीचा नवरा कसा आहे, त्यानं पोरीच्या देखत तिच्यावर रॉकेल ओतलं होतं ते, काडी ओली निघाली म्हणून ती कशी जगली ते. मावशीनं तिला कसा आसरा दिला. बोरखेडला, पिठाच्या गिरणीमागं, शेवटची खोली. कोर्टाची तारीख नऊ दिवसांवर आली होती. नवरा मोटारसायकलवर गावं पालथी घालतोय, असं कानावर येत होतं. तिला नवं ॲप द्यायचं, तर यातलं कोणतं? एक निरोप चुकीच्या हाती पडला तर…

ती थांबली. दम लागला होता.

बाबाजींनी मान वळवली.

‘गुलाबराव, बोरखेडची गिरणी कोणती हो?’

‘पिठाची ना? मारुतीच्या मागं हाये.’ गुलाबरावांनी सुपातून नजर वर केली. ‘शेवंताबाईची भाची असंन ते. लहान पोरगी हाये संगं. आठ दिस झाले, दिसून राह्यली तिथं.’

ते पुन्हा डाळ निवडू लागले.



‘मी नाव विचारलं नव्हतं,’ बाबाजी म्हणाले. ‘गावही नाही.’

‘पण तुम्ही… मी तुमच्यावर विश्वास…’

मनात भलतंच काही वर येत होतं. दोन महिन्यांपूर्वीचं शिबिर. चाळीस कार्यकर्त्या समोर. सुरक्षितता कशी पाळावी हे तिनं तेव्हा उदाहरण देऊन सांगितलं होतं. बाईचं नाव बदललं होतं. गावाबाहेरची शाळा, शाळेमागचं घर, तसंच ठेवलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

त्याच बाईच्या दाराशी दीर आले, ते त्यानंतर.

तिथूनच फुटलं का? कुणास ठाऊक. ते कधी कळणारही नव्हतं.

‘मला जायला हवं,’ ती म्हणाली.

बाबाजींनी अडवलं नाही.

संस्थेची जीप घेऊन ती तशीच बोरखेडला गेली. रोशनी दारातच होती. फोनची बॅटरी उतरली होती, एवढंच. पण ज्योत्स्नानं बसू दिलं नाही. दोन पिशव्या, पोरगी आणि रोशनी, दिवस मावळायच्या आत दुसरीकडं पोचल्या. कुठं, ते ऑफिसातही कोणाला कळलं नाही. जीप तिनं स्वतः चालवली होती.

ॲप रोशनीनंच निवडलं, तिसरं. निरोप उशिरा यायचे. ज्योत्स्ना फोन हातात घेऊन बसून राहायची. सहकारी विचारायच्या, रोशनीचं काय झालं? ती म्हणायची, ठीक आहे. पूर्वी अशा वेळी ती तासभर सांगत बसायची.

तारखेला हुकूम झाला. नवऱ्याला तिच्याजवळ फिरकायची बंदी.

चार दिवसांनी ज्योत्स्ना मठात गेली. दंडवत घातला. बाबाजींनी बसायला सांगितलं, पाणी दिलं.

‘ती मुलगी आता कुठं असते?’

ज्योत्स्नानं तोंड उघडलं…

मिटलं.

खाली बघत राहिली. समोर गुरू, आणि त्यांना उत्तर द्यायचं नाही… कानशिलं तापली. बाबाजीही वाट पाहत राहिले.

‘बरं,’ बाबाजी म्हणाले. ‘ते तिचं झालं. आता तुझं सांग. झोप लागते का?’