तिमण्णाचं ऊन

ऐका मंडळी. ही गोष्ट सोनकोटच्या मागपेठेची. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. तिमण्णाचं मात्र आठवतं.

फार वर्षांपूर्वी सोनकोटला तट होता आणि तटाच्या आत विणकरांची पेठ होती. पेठ वाढली, पण तट काही वाढला नाही. भाऊ वेगळे झाले की घराची जागा उभी चिरायची, मग त्यांच्या मुलांनी ती पुन्हा चिरायची. असं होत होत एकेकाच्या वाट्याला नऊ हात रुंद आणि साठ हात लांब एवढीच पट्टी उरली. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, मागे दुसऱ्या गल्लीची पाठ. उजेड यायचा तो पुढच्या दारातून, आणि त्याच दारातून बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजराही आत यायच्या. म्हणून दार लोटलेलं असायचं. बायका भर दुपारी दिवा लावून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. असं म्हणतात, की मागपेठेतल्या बाईला तिशीतच सुईचं नेढं दिसेनासं व्हायचं.

तिमण्णा तटाबाहेरच्या पालांत राहायचा. त्याचे लोक दगड फोडायचे, विहिरी बांधायचे. त्यांनी बांधलेल्या विहिरीचं पाणी पेठ प्यायची, पण त्यांना उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

एकदा गल्लीत फरशी बसवताना त्याला एका दाराच्या फटीतून दिव्याशी वाकलेली बाई दिसली. तिचं नाव लच्छव्वा. नवीन लग्न होऊन आलेली.

"अक्का, बाहेर एवढं ऊन असताना दिवा कशाला?" त्यानं विचारलं.

"मग काय करू? दार उघडलं की सगळी गल्ली घरात येते," ती म्हणाली. "न्हाल्यावर केस वाळवायलासुद्धा जागा नाही रे मला."

तिमण्णा चार दिवस त्या घरासमोर बसून राहिला. ऊन कुठून येतं, कुठल्या घटकेला कुठल्या कौलावर चढतं, ते बघत राहिला. पाचव्या दिवशी त्यानं लच्छव्वाच्या सासऱ्याला सांगितलं, "घर पाडा. मी बांधून देतो."

त्यानं काय केलं, तर घराच्या बरोबर पोटात पाच हातांचा चौक आभाळाला उघडा ठेवला. चौकाच्या भिंतींना शिंपल्यांचा चुना दिला आणि तो गारगोटीनं इतका घोटला, की भिंती शंखाच्या आतल्या बाजूसारख्या चकाकायला लागल्या. तळाला पांढरी फरशी. वरून पडलेलं ऊन फरशीवरून भिंतीवर आणि भिंतीवरून मागाच्या खोलीत उडी मारायचं. पुढच्या दारापाशी त्यानं एक आडभिंत घातली. आत येणाऱ्यानं वळून जायचं, पण रस्त्यावरच्या नजरेला वळता येत नाही, ती भिंतीवर आपटून परत जायची. लच्छव्वा पहिल्यांदा चौकात केस सोडून बसली, तेव्हा रडली असं म्हणतात.

मग एकामागून एक एकेचाळीस घरं झाली. असं म्हणतात, की त्या घरांत दिवेलागण गल्लीपेक्षा घटकाभर उशिरा व्हायची. एका आंधळ्या म्हाताऱ्याला चौकात बसून सुताचा रंग हातानं कळायला लागला. मागपेठेचं कापड दूरदूर जायला लागलं, कारण त्यात आता एक धागा चुकत नव्हता.

पण एकदा वास्तुशांत झाली, की तिमण्णाला त्या घरात पाऊल टाकता येत नसे. तो बाहेर उभा राहून हाक मारायचा, "अक्का, कुठवर आलंय ऊन?" आणि आतून उत्तर यायचं, "मागाच्या खुंटीपाशी आलंय, तिमण्णा!" तो मान हलवायचा आणि पुढच्या दाराशी जायचा. नांदत्या घरातलं ऊन त्यानं असं कानांनीच पाहिलं.

चाळीस वर्षं चुन्याची पाटी वाहून त्याच्या बायकोची, मल्लव्वाची, छाती भरली. खोकून खोकून ती वाकायची. वैद्य म्हणाला, "हिला वाऱ्यात ठेवू नका आणि अंधारातही ठेवू नका. पालात ही जगायची नाही." तिमण्णानं पंचांपुढे हात जोडले. पेठेच्या टोकाला कचरा टाकायची पाच हात रुंदीची एक बोळ होती. कुणालाच नको होती, म्हणून ती त्याला मिळाली.

त्या पाच हातांत त्यानं घर बांधलं. एकेचाळीस घरांत जे शिकला, ते सगळं त्यात घातलं. असं म्हणतात, की त्या घरात सकाळी ऊन शिरलं की संध्याकाळपर्यंत बाहेर जायचं विसरायचं. मल्लव्वाचा खोकला उतरला. ती चौकात बसून गाणी म्हणायला लागली आणि ती गाणी शेजारी ऐकू जायला लागली.

शेजारी विरुपाक्ष शेटे राहायचे. पेठेचे मुख्य. त्यांचं घरही तिमण्णानंच बांधलेलं. आपल्यापेक्षा त्याच्या घरात ऊन जास्त, हे त्यांना सोसेना. त्यांनी पंचांना सांगितलं, "त्याच्या चौकातून आमच्या घरातल्या बायका दिसतात. मी भिंत चढवणार."

तिमण्णा म्हणाला, "मालक, सगळी हयात मी नजरा अडवण्यात घालवली. माझ्या चौकातून फक्त आभाळ दिसतं. एकदा आत येऊन बघा."

पंच एकमेकांकडे बघायला लागले. बघायचं तर त्याच्या घरात जायला हवं. कोण जाणार?

"आम्ही शेटे म्हणतात ते धरून चालतो," पंच म्हणाले.

तिमण्णा एकेचाळीस दारांशी गेला. "कुणीतरी एकानं या. चौकात बसा, वर बघा, आणि खरं काय ते सांगा." दारं लोटली गेली. शेवटी तो लच्छव्वाच्या दाराशी आला. तिचे केस आता पिकले होते.

"आले असते रे," ती आडभिंतीमागून म्हणाली. "पण नातींची लग्नं व्हायचीत."

आठ दिवसांत भिंत उभी राहिली. ज्यांना तिमण्णानं चुना घोटायला शिकवलं होतं, त्यांनीच ती उभी केली. मार्गशीर्षाच्या थंडीत मल्लव्वा गेली.

तिला पोचवून तिमण्णा पेठेत आला. त्यानं शिवी दिली नाही, शाप दिला नाही. प्रत्येक दाराशी उभा राहून एवढंच म्हणाला, "माझं ऊन मी घेऊन चाललो." आणि वेशीतून बाहेर पडला.

असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, कौलं तापली, गल्लीत ऊन पडलं, पण एकाही चौकात ते उतरलं नाही. चौकाच्या तोंडाशी यायचं आणि तिथेच थांबायचं. एकेचाळीस दिवस माग बंद पडले. तिमण्णाला शोधायला माणसं गेली, खाणींपर्यंत जाऊन परत आली. तो कुणालाच दिसला नाही.

बेचाळिसाव्या दिवशी लच्छव्वा घराबाहेर पडली. सगळ्यांच्या देखत ती पाच हातांच्या घरात शिरली. मल्लव्वा बसायची तिथे बसली आणि वर बघितलं. बाहेर येऊन शेट्यांना म्हणाली, "तुमच्या भिंतीच्या वर आभाळाची चिंधी दिसते. भिंत नव्हती तेव्हाही आभाळच दिसत असणार. तुमचं घर दिसायला जागाच नाही."

भिंत उतरवली. उन्हं परत आली. ती बघायला मल्लव्वा नव्हती, आणि तिमण्णा परत आला नाही.

आजही मागपेठेत कुणाला मजला चढवायचा असला, तर आधी शेजाऱ्याच्या चौकात एक अख्खा दिवस बसावं लागतं, आणि तिथलं पाणी प्यावं लागतं. त्याला 'तिमण्णाचं बसणं' म्हणतात. मार्गशीर्षात पेठेतल्या बायका पाच हातांचं ते घर झाडून काढतात, भिंतींना नवा चुना देतात. ऊन तिथं अजून दिवसभर असतं. राहत मात्र कुणी नाही.

तटाबाहेरची पालंही अजून आहेत. तिथे जाऊन कुणी बसल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.