साळूचे घरपोच झाड

मुलांनो, डोंगराच्या उतारावर करवंदीची एक दाट जाळी आहे. तिच्या मुळाशी खोल बीळ करून एक साळू राहत असे. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काळेपांढरे काटे, पण ही साळू स्वभावाने अगदी मऊ होती. बिळात तिची म्हातारी आईही होती. गेल्या पावसाळ्यापासून आईचे मागचे पाय उचलत नव्हते. बिळाच्या सर्वांत आतल्या बाजूला, वाळक्या गवतावर ती पडून असे. साळू तिला कंद चावून मऊ करून भरवी, तिची कूस बदलून देई, आणि बाहेर काय चालले आहे ते रोज न कंटाळता सांगे.

आई मूळची समुद्रकाठची. तिथल्या सुरूच्या बनात ती जन्मली. बनाला लागून माणसांची एक वाडी होती. नाताळ आला की वाडीतल्या घराघरांत सुरूचे झाड सजे, आणि ते पाहून बनातले प्राणीही आपले एक झाड सजवत. टोकाला एक वाळलेला तारामासा चांदणी म्हणून लावायचा, असा तिथला रिवाज. "तो मान थोरल्या दादाचा," आई सांगे. "मी सगळ्यांत धाकटी. माझा हात कधी पोचलाच नाही." दादा गेल्यावर तो तारामासा तिच्याकडे आला. अजून तो तिच्या उशाशी असे.

आईसाठी म्हणून साळू दर नाताळला आपले गळलेले काटे मातीच्या गोळ्यात खोचून एक झाड करी. आई कौतुकाने "छान झालंय हो" म्हणे. या वर्षी मात्र तिने त्या झाडावरून हात फिरवला आणि ती हळूच म्हणाली, "छान आहे, बाळ. फक्त वाजत नाही. सुरू वाऱ्यात वाजतो ना, लांबच्या समुद्रासारखा. एकदा खरं झाड ऐकायला मिळालं असतं, तर..."

वाक्य तिने तिथेच सोडले. पुढचे शब्द साळूला न सांगताही कळले. आईचा हा नाताळ बहुधा शेवटचा होता.

त्याच सुमाराला एक कावळा डोंगरभर ओरडत फिरत होता, "खरं झाड घरपोच! समुद्रकाठचा सुरू घरपोच!" लाटांनी वाळू खाल्ली की काठच्या सुरूंची मुळे उघडी पडत. आज ना उद्या पडणारच अशी झाडे एक खेचर ओढून काढी आणि घरोघर नेऊन देई. मागणी घ्यायचे काम कावळ्याचे, पोचवायचे काम खेचराचे.

साळूने कावळ्याला हाक मारली.

"केवढं हवं, साळूताई?" कावळ्याने विचारले.

साळूने तर सुरू कधी पाहिलाही नव्हता. तिने बिळात तोंड घातले. "आई, झाड केवढं असायचं ग?"

आतून आवाज आला, "टोक बघायला मान पार मागे टाकावी लागायची. एवढं!"

"मान पार मागे," कावळा म्हणाला. "बास, कळलं. तुम्ही निर्धास्त राहा." आणि तो उडाला.

आता यात चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा. आईने सांगितलेले माप ती वीतभर पिल्लू होती तेव्हाचे. कावळ्याने निरोप जसाच्या तसा पोचवला. आणि खेचराने तो तितक्याच प्रामाणिकपणे पाळला. समुद्रकाठी ते एकेका झाडासमोर उभे राहिले, एकेका झाडाचे टोक पाहून आले. ज्या झाडापुढे त्याची स्वतःची मान पार मागे गेली, तेच त्याने निवडले.

नाताळच्या आदल्या दिवशी, ऊन कलत असताना खेचर उतारावर येऊन थांबले. बुंधा त्याच्या पाठीला बांधलेला होता, आणि मागे झाड लांबच लांब पसरले होते. टोक अजून खालच्या वळणावरच होते. बघायला ससा आला, मुंगूस आले. माकड तर आधीच फांदीवर बसले होते.

"अग साळू, झाड मागवलंस की ओढ्यावरचा पूल?" माकड ओरडले. "आणि झाड हवंच कशाला? आजीलाच उभं करायचं. काटे आहेतच, नुसती चांदणी लावली की झालं!"

सगळे हसले. ससाही हसला, पण साळूचा चेहरा पाहून त्याने कान पाडले.

साळू झाडाकडे पाही आणि बिळाच्या तोंडाकडे पाही. "खेचरदादा, दमलात तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "राहू दे इथेच, अंगणात." आणि तिला रडूच आले. अंगणापर्यंत आई येऊ शकणार नव्हती.

माकडाला आपल्या चेष्टेची लाज वाटली असावी. ते खाली उतरले. "रडू नकोस. टोक तोडून देतो. तेवढंच आत ने."

"तोडू नका रे!" बिळातून आवाज आला. म्हातारीने सगळे ऐकले होते. "तोडलेलं टोक आत वाजणार कसं? वारा तर बाहेर आहे!"

"आणि मला निरोप घरपोचचा होता," खेचर म्हणाले. "अंगणपोचचा नव्हता. घरात पोचवल्याशिवाय मी पोच मागत नाही. आणि पोच मिळाल्याशिवाय हलत नाही."

"फार हट्टी बाबा तू," मुंगूस म्हणाले.

"खेचर आहे मी," खेचराने शांतपणे सांगितले आणि पाय रोवून ते वळले. झाडाचे टोक बिळाच्या तोंडासमोर आले. मग ते एकेक पाऊल मागे सरू लागले.

सुरूचे टोक बारीक आणि लवचिक. ते सहज आत गेले. मागून फांद्या आल्या तशा त्या दाराला अडू लागल्या. माकडाने लांब हातांनी एकेक फांदी दाबून धरली. ससा आणि मुंगूस दाराच्या कडा उकरू लागले. माती त्यांच्या डोळ्यांत जात होती, तरी कोणी थांबले नाही. "अजून थोडं! सावकाश! उजवीकडे!" असे करत करत निम्मे झाड आत गेले आणि पक्के बसले. ना पुढे, ना मागे. निम्मे बिळात, निम्मे अंगणात.

साळू मागच्या दाराने धावत आत गेली. बिळातल्या अंधारात हिरवा, ओला वास भरला होता. झाडाचे टोक आईच्या उशाशी येऊन थांबले होते. ते पाहायला आईला मान मागे टाकावी लागली नाही. ते तिच्या नाकासमोरच होते.

तेवढ्यात उतारावरून वारा आला. अंगणातल्या फांद्या हलल्या, खोड थरथरले, आणि ती थरथर झाडाच्या अंगातून आत उतरली. सगळे बीळ हळूहळू घुमू लागले, लांबच्या समुद्रासारखे. आईने डोळे मिटले. साळू तिच्याजवळ बसून राहिली.

बऱ्याच वेळाने आईने विचारले, "दादा कुठे आहे ग?" आणि स्वतःच हसून म्हणाली, "नाही, असू दे. आज मीच लावते."

तिने उशाचा तारामासा उचलला. पडल्या पडल्याच तिने तो टोकाला अडकवला, वाकडा झाला म्हणून काढला आणि पुन्हा नीट बसवला.

बाहेर ससा आणि मुंगूस रानबोरे आणि लाल गुंजा घेऊन आले होते. माकड त्या उंच फांद्यांवर टांगत होते. "झाड मस्त झालं," ते म्हणाले, "पण याची चांदणी कुठाय?"

कोणी उत्तर देण्याआधीच खेचराने बिळाच्या तोंडाशी मान खाली घातली आणि मोठ्याने विचारले, "आजी, पोचलं का?"

आतून आवाज आला. पावसाळ्यानंतर एवढा खणखणीत आवाज त्या बिळातून कोणी ऐकला नव्हता.

"पोचलं रे बाबा! माझा हातसुद्धा पोचला!"

तात्पर्य : जवळच्या माणसाची हौस आपल्या घरात मावत नसेल, तर ती छाटू नये, आपले दार थोडे मोठे करावे.