पोट टेकता कामा नये

“नमस्कार करायचा नाही, आत यायचं नाही… मग आलास कशाला?”

“परवानगी मागायला.”

“तीही उंबऱ्याबाहेरून?”

“आत येण्याजोगा मी राहिलो नाही, आक्का.”

आक्का मठाची जमीन सारवत होती. वय ब्याऐंशी, हात कोपरापर्यंत शेणात. तिनं मान वर केली नाही.

दारात भुजंग शेडगे उभा होता. तालुक्याच्या व्यायामशाळेचा मास्तर. बत्तीस वर्षं त्यानं पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. ‘पोट वर!’ ही त्याची आरोळी बाजारपेठेपर्यंत ऐकू जायची. वीस वर्षं दर गुरुवारी मठात येऊन आक्कापुढं बारा नमस्कार घालायचा. बारांत एकदाही पोट जमिनीला लागायचं नाही, आणि हे सगळ्यांनी बघावं अशी त्याची इच्छा असायची.

सगळं गाव त्याला मास्तर म्हणे. आक्कानं कधी म्हटलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी रोगट भाग कापला, खालची वाट कायमची शिवून टाकली आणि पोटावर डाव्या बाजूला नवी वाट काढून दिली. तिच्या तोंडावर एक पिशवी. जे जायचं ते तिच्यात जातं. न विचारता जातं.

“डॉक्टर काय म्हणतो?”

“म्हणतो, जखम भरली. चाला, फिरा, व्यायामशाळेत जा. जड उचलू नका, नमस्कार मात्र हळूहळू सुरू करा.”

“मग?”

“त्याचं काय जातंय म्हणायला?”

आक्कानं शेणाचा गोळा पुढं ओढला.

“कसली परवानगी हवी तुला?”

“अन्न सोडायची.”

हात थांबला.

“…कधीपासून चाललंय हे?”

“सुटतच आलंय. अर्धी भाकरी खातो दिवसाला. खाल्लं नाही की येत नाही. आता तेवढीही नको. प्रायोपवेशन करायचं ठरवलंय. त्याला गुरूची आज्ञा लागते.”

“शब्द मोठा शोधलास. घाणीला भिऊन उपाशी मरायला एवढा मोठा शब्द लागतो होय?”

“घाण म्हणालात ना? आलं ना तुमच्याही तोंडात?”

“आलं. घाणीला घाणच म्हणते मी. फुलं म्हणू?”

तो पायरीवर बसला. बसताना डावा हात आपोआप पोटावर गेला.

“हायस्कूलचे हेडमास्तर वारले, त्यांच्या शोकसभेला गेलो होतो. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो. तीनशे माणसं. आणि हे बोललं… मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्यांचे खांदे हलले. माझीच पोरं, आक्का. मी उभं राहायला शिकवलेली. पूर्वी माणूस आवरून तरी धरायचा. इथं दार आहे, कडी नाही.”

“पुढं?”

“पुढं काय? घराबाहेर पडलो नाही. कुसुम पिशवी बदलते. बायको आहे, तोंड वाकडं करत नाही. तेच सोसत नाही मला. तिनं एकदा तरी नाक मुरडावं…”

“आणि तू? तू का बदलत नाहीस?”

त्यानं मान वळवून रस्त्याकडं बघितलं.

“तिकडं बघवत नाही म्हण की. म्हणून इथं बाहेर बसलास.”

“आक्का! बायकांचं ते मला लावू नका.”

“का, झोंबलं? तुला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं की देह गळतो. आम्हाला बाराव्या वर्षी सांगतात, आणि वर पायरीवर बसवतात. चार दिवस बाहेर बसायचं आणि पाचव्या दिवशी उठून दळायला लागायचं. कुणी आज्ञा मागायला नाही गेली मरायची.”

“तुमचं वेगळं.”

आक्कानं बरबटलेला हात त्याच्यासमोर धरला.

“हे काय आहे?”

“शेण.”

“कुठनं आलं?”

“शेण पवित्र असतं.”

“कुणी ठरवलं? गायीनं?”

त्याच्या घशापर्यंत हसू आलं आणि तिथंच मेलं.

त्यानं गळ्यातली तुळशीची माळ काढली. अनुग्रह देताना आक्कानं घातलेली. ती उंबऱ्यावर ठेवली.

“ही घ्या परत. आज्ञा देत नसाल तर मी तुमचा शिष्य नाही. मग विचारायचंही कारण नाही.”

आक्का माळेकडं बघत राहिली.

“दिली तेव्हा कशी घेतली होतीस?”

“साष्टांग घालून.”

“मग परत करायची तीही तशीच. रीत आहे. एक नमस्कार घाल, माळ घेते. पुढं बोलत नाही.”

“सारवण ओलं आहे.”

“परत सारवीन.”

“पिशवी फुटली तर?”

“तर परत सारवीन.”

तो उठेना.

“साष्टांग म्हणजे आठ अंगं. कोणती? पोरांना सांगायचास तशी सांग.”

“आक्का, हे आता कशाला…”

“सांग.”

“दोन पाय. दोन गुडघे. दोन हात. छाती. कपाळ.”

“झाली आठ?”

“झाली.”

“पोट कुठं आहे त्यात?”

बत्तीस वर्षं तो पाढा त्यानं म्हणून घेतला होता, कधी मोजला नव्हता. पण चेहऱ्यावर उजेड वगैरे काही पडला नाही. तो इतकंच म्हणाला, “मोजून वास जात नाही, आक्का.”

“नाही जात,” आक्का म्हणाली.

…

मग तो उठला. उंबरा ओलांडला. ओल्या जमिनीवर त्याची पावलं उमटली. हात टेकले, पाय मागं नेले. आठ महिन्यांत दंड वाळून काठ्या झाले होते, ते थरथरायला लागले. गुडघे टेकले. छाती टेकली. कपाळ टेकलं.

पोट वर राहिलं. दोन बोटं असेल, पण राहिलं.

आणि त्या शांततेत पिशवी बोलली. लांबलचक, ओली, निर्लज्ज.

भुजंगचं अंग सुटलं. कोपरं पसरली, पोट जमिनीवर आलं. तो तसाच पालथा पडला, तोंड शेणात. पाठ हलत होती, आवाज येत नव्हता.

“…ऐकलंत?” तो जमिनीतच म्हणाला.

“ऐकलं.”

“मग होऊ द्या ना मोकळा. कशाला धरून ठेवता?”

आक्कानं माळ उचलली नाही. जमिनीला हात देत, गुडघ्यांवर सरकत ती त्याच्यापाशी आली.

पोट टेकवणाऱ्या पोराच्या पोटाखाली तो वेताची छडी घालायचा. आक्कानं हात घातला. आडवा, उताणा, शेणानं भरलेला. पिशवी तळहातावर आली. कोमट होती. आक्कानं हात काढला नाही.

“काढा तो हात,” तो म्हणाला. “आक्का, पाया पडतो, काढा.”

“पडलाच आहेस.”

…

बाहेर ऊन उंबऱ्यापर्यंत आलं. माळ तिथंच होती. त्याचं रडं ओसरलं, तरी तो उठला नाही. उठायचं कशासाठी, हे त्याला खरंच माहीत नव्हतं.

आक्कानं तळहात जरा वर दाबला.

“पोट वर, मास्तर.”