घोडेवेळचा उभा नवरा

दोष नागणनायकाचा. घोडेवेळ गावात कुणालाही विचारा, आधी एवढं सांगतात आणि मग बाकीचं. गाव वसवणारा आहे म्हणून त्याची लाज राखावी, आवाज खाली करावा, असली भानगड इथे नाही.

खाडीच्या तोंडाशी, ओहोटीला पुळणीवरून चालत जाता येईल अशा जागी एक काळा खडक आहे. माणसाहून थोडा उंच, खांद्यात जरा वाकलेला. आसपासचे सगळे खडक समुद्राकडे झुकलेत. हा एकटा गावाकडे तोंड करून उभा. भरतीला पाणी त्याच्या गळ्याशी येतं, उधाणाला डोक्यावरून जातं. त्याला उभा नवरा म्हणतात. गावातला म्हातारा धर्मा तांडेल पाहुण्यांना होडीतून तिथवर नेतो, वल्हं आडवं ठेवतो आणि सांगायला लागतो.

फार मागची गोष्ट, म्हणे. इंग्रजांचं नावसुद्धा या किनाऱ्याला ठाऊक नव्हतं. अरबांची गलबतं इथे घोडे उतरवायची, घाटावरचे राजे ते घेऊन जायचे, आणि या सगळ्याचा धनी होता नागणनायक. अशाच एका गलबतातून घोड्यांच्या मागोमाग एक गोरा, उंच तरुण उतरला. इंग्लंडच्या राजाचा धाकटा मुलगा, एडरिक. बाप आणि थोरले भाऊ धर्मयुद्धाला निघाले तेव्हा यालाही ओढून नेलं. वाटेत तापाने पडला तर एका परक्या बंदरात टाकून पुढे गेले. नेताना विचारलं नव्हतं, टाकतानाही विचारलं नाही. बरा झाल्यावर घोड्यांचं काम येतं एवढ्यावर तो गलबतावर चढला आणि गलबत नेईल तिकडे आला.

घोडेवेळात त्याची बोली कुणाला येत नव्हती. हाताच्या खुणांनी भात मिळतो, बोलणं मिळत नाही. नायकाच्या पागेत तो दिवसभर राबायचा आणि घोड्यांशीच बोलायचा. चल. थांब. पाणी पी. घाबरू नकोस. असे पावसाळे गेले आणि त्याच्या तोंडात, म्हणे, तेवढेच शब्द उरले. आईला आपण काय हाक मारायचो हे आठवायला त्याला डोळे मिटून बसावं लागे.

नायकाची मुलगी पद्मला घोड्यांसाठी उकडलेले कुळीथ घेऊन पागेत यायची. यायची, ठेवायची, जायची. एके सकाळी एक बुजरं शिंगरू उंबऱ्यात अडून बसलं. एडरिक उठण्याआधी तिने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि एडरिकच्याच बोलीत म्हणाली, "चल." शिंगरू मुकाट चाललं. एडरिक हातात खरारा धरून तसाच उभा राहिला आणि मग भिंतीकडे तोंड करून रडला. घर सुटल्यापासून आपल्या भाषेतला शब्द त्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

पुढे तिने त्याला आपली बोली शिकवली. माणसं एकमेकांना काय म्हणतात, ते त्याला पुन्हा कळायला लागलं.

नायकाला दोघांची कुणकुण लागली तेव्हा तो चाबूक घेऊनच पागेत गेला होता. पण पोरगा राजाचा आहे असं अरब नाखव्याने शपथेवर सांगितलं, आणि नायकाला एकाएकी त्याच्या चेहऱ्यावर तेज दिसू लागलं. लग्न ठरलं. मांडव कुठे, तर थेट पुळणीवर. कारण नांगरलेल्या प्रत्येक गलबतावरून नायकाचा राजजावई दिसायला हवा होता. जोशी म्हणाला, नायक, आज उधाण आहे. नायक म्हणाला, पाणी चढायच्या आत आटपेल.

एडरिकला एकच भीती होती, की आपल्या हातून काही चुकेल आणि इथूनही टाकून देतील. मांडवात काय करायचं ते त्याने सासऱ्यालाच विचारून घेतलं. नायकाने ऐटीत सांगितलं, "अंतरपाट खाली येईपर्यंत पाय हलवायचा नाही. हललास तर लग्न मोडलं."

अंतरपाट धरला गेला. एका बाजूला तो, एका बाजूला ती. जोशाने गोत्र विचारलं. नवऱ्याला गोत्र नव्हतं. आता ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप म्हणावं, अशी सोय शास्त्रानेच करून ठेवली आहे. जोशी तेच म्हणणार होता. तेवढ्यात पुढे बसलेला नायकाचा चुलता खाकरून म्हणाला, "नागण्या, जावयाचं गोत्र गलबतातून उतरवायचं राहिलं वाटतं."

भावकी हसली. नायकही हसला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्याला ते लागलं. माझ्या जावयाला सोयीचं गोत्र चालणार नाही, खरंखुरं पाहिजे, म्हणून तो अडून बसला. भावकीला तेच हवं होतं; म्हाताऱ्यांना बसून ठरवण्याइतकं सुख दुसरं कशात नसतं. एक म्हणाला, आपल्यातल्या कुणी त्याला दत्तक घ्या. दुसऱ्याने दाखवून दिलं की मग नवरानवरी बहीणभाऊ होतील. तिसरा म्हणाला, सोयऱ्यांपैकी कुणी घ्या. तर सोयऱ्यांना आपापल्या जमिनी आठवल्या. शेवटी निवांत बोलू म्हणून सगळे टेकडीवरच्या देवळात जायला उठले. जाताना नायकाने बजावलं, "अंतरपाट धरून ठेवा. आम्ही ठरवून येतो."

देवळात सुपारी फिरली. खाली पाणी आलं.

ते घोट्याला लागलं तेव्हा मांडवातली माणसं कुरकुरली, गुडघ्याला लागलं तेव्हा अंतरपाट धरणारे पळाले. बायकांनी पद्मलाला ओढत किनाऱ्यावर नेलं. एडरिकने अंतरपाट पडू दिला नाही. त्याची दोन्ही टोकं त्याने स्वतःच्या मुठीत घेतली आणि तो डोळ्यांसमोर ताणून धरला. त्याला पलीकडचं काही दिसत नव्हतं. लाटांच्या आवाजात काही ऐकूही येत नव्हतं. पण पलीकडे कुणीतरी आपल्यासाठी थांबलंय, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तो हलला नाही.

म्हातारे देवळातून उतरले तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं. पद्मलाने बायकांचे हात झटकले. सगळा गाव ओरडत होता, पण गावाचं ओरडणं त्याला वाऱ्यासारखंच होतं. तो वळला असता तर एकाच शब्दाला. तिने 'चल' म्हणायला तोंड उघडलं आणि नागणनायकाने मागून येऊन तिच्या तोंडावर हात दाबला.

"मुहूर्ताआधी नवरीचा आवाज नवऱ्याच्या कानावर पडत नाही," तो म्हणाला. "भावकी बघतेय."

मग लाट आली. ओहोटी लागल्यावर तिथे खडक दिसला, असं सांगतात.

भावकीला लगेच पुढचा प्रश्न पडला: पद्मलाला विधवा म्हणायचं की कुमारिका. त्यावरही ते बसले. ते ठरायच्या आत एक गलबत आलं. एडरिकचे भाऊ युद्धात मेले होते आणि त्याच्या बापाची माणसं नव्या राजाला शोधत बंदरं पालथी घालत आली होती. नायक शेला पांघरून सामोरा गेला. राजा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याला खडकाकडे बोट दाखवावं लागलं. पद्मला घरातून निघून सरळ पाण्याशी आली आणि त्या माणसांना त्यांच्या बोलीत म्हणाली, "चल." ती त्यांच्याबरोबर गेली. मागे वळून पाहिलं नाही.

इथवर आलं की पाहुण्यांतला कुणीतरी हटकून विचारतो, काका, लग्न लागलं असतं तर? धर्मा तांडेल त्याचीच वाट बघत असतो.

"लागलं असतं तर आमची पोर तिकडची राणी. मग गोरे इकडे तोफा घेऊन कशाला येतात? दिवाळसणाला आले असते. पाटावर बसले असते, आमटी भुरकली असती, मानपानावरून रुसले असते."

"आणि जाताना सगळं घेऊन गेले असते," एकदा एक बाई म्हणाली.

"नेलं असतं की, जावईच तो," तांडेल म्हणाला. "पण विचारून नेलं असतं, बाई. आणि पोरीचं माहेर म्हणून थोडं ठेवलंही असतं."

सगळे हसतात. तो वल्हं उचलतो. खडकाला वळसा घालून होडी गावाकडे वळते.

आजही घोडेवेळात लग्न असलं की सगळी वडीलधारी मंडळी मांडवाबाहेर वाळूत बसतात. अंतरपाट पडेपर्यंत त्यांना आत पाऊल टाकता येत नाही, मग तो नवरीचा बाप का असेना. गोत्र कुणी विचारत नाही. अंतरपाट नवरानवरीच धरतात. पलीकडून नवरी मोठ्याने, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "चल." आणि दोघं हात सोडतात.

नागणनायक पुढे खूप जगला. एडरिकने वाढवलेले घोडे त्याच्या पागेत होते, पण त्यांना नायकाची बोली कळत नव्हती, ते त्याच्या हाकेला मान वळवत नसत. आणि घरात हाक मारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.